चौतीस नंबरचं तिकीट

अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या ऑबेंटनची गावसभा दरवर्षी मार्चमध्ये शाळेच्या जिममध्ये भरते. बाहेर कमरेएवढा बर्फ, आत घडीच्या खुर्च्या, आणि मागच्या टेबलावर चर्चच्या बायकांनी केलेल्या बीन्सचा वास. रस्त्यावर मीठ किती टाकायचं, आगीचा बंब नवा घ्यायचा की जुनाच रेटायचा, यावरून गाव दिवसभर हमरीतुमरीवर येतं. एका पुलावरून दोन सख्खे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, असलं हे गाव. पण एका गोष्टीवर कधी कोणी तोंड उघडलं नाही. चिठ्ठ्या कोण मोजणार? लोरेट. वर केलेले हात कोण मोजणार? लोरेटच. सभाध्यक्ष एमिल रीतीप्रमाणे विचारायचा, "आणखी कोणाचं नाव?" आणि सगळं गाव हसायचं. वीस वर्षं हाच विनोद, आणि वीस वर्षं तेच हसू.

ही लोरेट पेल्टिये काही मोठी बाई नव्हे. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. नवरा रेने लाकडाचा ट्रक चालवायचा, तो छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. एक मुलगी, जिनेट, बँगोरला नर्स आहे. लोरेटच्या हातचे प्लॉय खाल्ले नाहीत असं पोर गावात नाही. कुट्टूच्या पिठाची ती पातळ धिरडी, वर लोणी. पोरं तिला 'तांत' म्हणत, म्हणजे मावशी. पण चिठ्ठ्यांची लाकडी पेटी तिच्याकडे आली ती धिरड्यांमुळे नाही. ती आली टीव्हीमुळे.

'शेवटचा किनारा' हा कार्यक्रम तेव्हा नवा होता. सोळा माणसं एका ओसाड बेटावर सोडायची. दर तीन दिवसांनी त्यांनीच मतं देऊन एकाला हाकलायचं. शेवटी दोघं उरली की हाकललेल्यांनी त्यातला विजेता निवडायचा आणि त्याला दहा लाख डॉलर. चौथ्या सीझनला लोरेट गेली. वय एकेचाळीस, रेने नुकताच गेलेला. तिनं पहिल्याच आठवड्यात ओहायोच्या वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याला शब्द दिला, की शेवटपर्यंत बरोबर राहू. शेवटच्या तिघांत निवड तिच्या हातात आली. तिसरा एक आळशी, सगळ्यांना नकोसा झालेला माणूस होता. त्याला शेजारी बसवलं असतं तर ती झोपेत जिंकली असती. तिनं वॉल्टरला बसवलं आणि एका मतानं हरली.

ती परत आली तेव्हा गावानं तिला बंबावर बसवून मिरवलं. त्याच मार्चमध्ये एमिलच्या म्हाताऱ्या बापानं सभेत उठून सांगितलं, "शब्दासाठी दहा लाखांवर पाणी सोडणारी बाई आपल्याकडे आहे. पेटी तिच्याकडे द्या." दिली. पेटी म्हणजे एक जुनं देवदारी खोकं, वर फट, खाली कुलूप. लोरेटनं ते घरी नेलं आणि जेवणघरात, रेनेच्या फोटोखाली ठेवलं.

इथपर्यंत सगळं छान होतं हो. पण गावाबाहेर जग असतं, आणि त्या जगाला काही उद्योग नसतात. कार्यक्रम चालतच राहिला. सीझनमागून सीझन. दहावा, विसावा, तिसावा. आणि इंटरनेटवर लोक जुने सीझन उकरून काढून त्यांचा काथ्याकूट करायला लागले. 'आजवरच्या दहा मूर्ख चाली' अशा याद्या निघाल्या. प्रत्येक यादीत पहिली कोण? आमची लोरेट. कोणी तिला, बटाट्याच्या मुलखातली म्हणून, 'बटाट्याची राणी' म्हणे, कोणी 'जगातली सगळ्यात महाग प्रामाणिक बाई'. ती हे सगळं वाचायची. शाळेतून आली की चहा घेऊन वाचत बसायची.

"वाचतेस कशाला?" जिनेट फोनवर ओरडायची.

"मी कुठं मनावर घेते?" लोरेट म्हणायची. आणि घ्यायची.

एका नाताळात जिनेट दमून आली होती, दोन पाळ्या सलग करून. जेवताना तो विषय निघाला आणि तिच्या तोंडून निसटलं, "आई, तू शब्द पाळलास त्या वॉल्टरला दिलेला. तो कोण होता तुझा? मी सहा वर्षं रात्रपाळ्या करत शिकले." लगेच तिनं जीभ चावली, आईचा हात धरला, माफी मागितली. लोरेट म्हणाली, "राहू दे गं, खरंच तर आहे." पण ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं ते बसलंच.

म्हणून त्रेचाळिसाव्या सीझनसाठी फोन आला, 'आठ जुने, आठ नवे' असा खेळ ठरला, तेव्हा एकसष्टाव्या वर्षी ही बाई हो म्हणाली. जिनेट नको म्हणत होती. लोरेट म्हणाली, "एकदा दाखवून येते, मी वेडी नव्हते म्हणून."

बरोबर घरची एकच वस्तू न्यायची मुभा होती. बाकीची माणसं नवऱ्याचा, पोरांचा फोटो नेतात. लोरेटनं तिकीट नेलं.

आता या तिकिटाचं सांगायलाच हवं. आमच्याकडे बटाटा निघायच्या वेळी शाळांना तीन आठवडे सुट्टी असते. आता यंत्रं आली, पण लोरेटच्या लहानपणी पोरंबाळं हातानं बटाटे वेचायची. पहाटे शेतात, गुडघ्यावर, बोटं गारठून निळी. प्रत्येक वेचणाऱ्याला आपला नंबर छापलेली पुठ्ठ्याची तिकिटं मिळायची. पिंप भरलं की वर आपलं तिकीट ठेवायचं आणि पुढं सरकायचं. ट्रकवाला संध्याकाळी पिंपं उचलायचा, आणि तिकिटं मोजून ज्याची त्याला मजुरी मिळायची. शेतात दोन-दोनशे पिंपं नुसती उभी, राखायला कोणी नाही. पण दुसऱ्याच्या तिकिटाला हात लावणं म्हणजे महापाप. एकोणीसशे एकाहत्तर साली सिर घराण्यातल्या एकानं दोन पिंपांवरची तिकिटं बदलली. तो मेला, त्याचा मुलगा म्हातारा झाला, आणि आज त्याच्या नातवालाही गाव 'तिकीटवाला' म्हणतं. बिचारा दाताचा डॉक्टर आहे. लोरेटचा नंबर चौतीस होता. एक तिकीट तिनं बायबलमध्ये जपून ठेवलं होतं.

बेटावर पोचल्यावर तिला पहिल्याच दिवशी कळलं की हा खेळ तिचा राहिलेला नाही. पूर्वी पहिला आठवडा आग पेटवण्यात आणि झोपडी बांधण्यात जायचा. आता झोपडी सोडून सगळे वाळू उकरायला पळाले. कशासाठी, तर ताईत शोधायला. हा ताईत बेटावर कुठंतरी लपवलेला असायचा. मतमोजणीआधी तो काढून दिला की त्या दिवशीची आपल्याविरुद्धची मतं बाद. शिवाय कोणाकडे दुप्पट मत, कोणी दुसऱ्याचं मत चोरू शकणारा. नव्या पोरांना हे सगळं पाठ होतं. झोपताना ती आकडेमोड करत. जुन्यांपैकी एकजण दुसऱ्याच दिवशी लोरेटला म्हणाला, "बाई, आपण पत्ते खेळायला आलोय आणि ही पोरं इथं वकिली करतायत." तिसऱ्या दिवशी त्यालाच हाकललं.

तिथं तिला मॅरिन भेटली. नेब्रास्काची, अठ्ठावीस वर्षांची, पशुवैद्य.

"तांत लोरेट! मी तुम्हाला तांतच म्हणणार हं, टीव्हीवर सगळे तसंच म्हणायचे," ती म्हणाली. "मी आठ वर्षांची होते. तुम्ही हरलात त्या दिवशी मी जेवले नाही. आई म्हणाली, अशी माणसं असतात बघ."

वीस वर्षं परके लोक तिला मूर्ख म्हणत होते, आणि ही पोर उपाशी राहिली होती. तिनं खिशातून तिकीट काढलं आणि मॅरिनच्या हातात ठेवलं.

"आमच्याकडे पिंपावर तिकीट ठेवलं की विषय संपला. त्याला कोणी हात लावत नाही. तू आणि मी, शेवटपर्यंत."

"शप्पथ?"

"अगं, तिकीट दिलं की शप्पथ कशाला?"

कॅमेरा समोरच होता. तो असतोच.

अडतीस दिवस दोघी बरोबर राहिल्या. एकीनं भात शिजवायचा, दुसरीनं लाकडं आणायची. मॅरिनला नारळाच्या झाडाच्या ढोलीत ताईत सापडला तेव्हा तिनं तो एकट्या लोरेटला दाखवला. आणि एकोणचाळिसाव्या दिवशी, चौघंच उरलेली असताना, कोल्टन रीस लोरेटशेजारी येऊन बसला. हा तिशीतला, कुठल्याशा कंपनीत लोकांना भाव कसे पाडायचे ते शिकवणारा. गोड बोलणारा.

"तांत, एक विचारू? मॅरिनच्या शेजारी बसून तुम्ही जिंकाल?"

लोरेट चुलीत लाकूड सारत राहिली.

"नाही जिंकणार. तिला सगळे डोक्यावर घेतात. म्हणजे वीस वर्षांपूर्वी केलंत तेच पुन्हा करायला इतक्या लांब आलात? तुमच्या घरी कोणी काही म्हणणार नाही का?"

ते शेवटचं त्यानं सहज म्हटलं असेल, पण वर्मी लागलं. लोरेटला नाताळचं ते जेवण आठवलं, जिनेटच्या डोळ्यांखालची वर्तुळं आठवली. दुपारभर ती समुद्राकडे बघत बसली. संध्याकाळी मॅरिन आली.

"तांत, आज काय वाटतंय? ताईत वापरू का?"

"ठेव गं," लोरेट म्हणाली. "आज तुझं नाव नाही. उगीच वाया घालवू नकोस."

आवाज जराही हलला नाही. आपल्याला इतकं सराईत खोटं बोलता येतं याचंच तिला नवल वाटलं. मॅरिन ताईत खिशात असतानाच खेळातून गेली, दोन विरुद्ध एक मतांनी. चौथ्याला त्या दिवशी मतच नव्हतं, ते आदल्या दिवशी कोणीतरी चोरलं होतं. असला तो नवा खेळ.

मग तो चौथाही गेला, आणि शेवटी कोल्टन आणि लोरेट समोरासमोर. पंच म्हणून सगळ्यात शेवटी हाकललेले सातजण. मॅरिननं विचारलं, "तांत, तुम्ही का केलंत ते?"

लोरेटनं काय करावं? तिनं रडायला सुरुवात केली. "चुकले गं बाई. तिकीट दिलं होतं मी तुला. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. मी अशी नाही."

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. एक दाढीवाला पुढं झुकून म्हणाला, "माफी कशाला मागताय? ताईत खिशात असताना तिला काढलंत, या सीझनमधला सगळ्यात भारी डाव आहे तो! आणि म्हणताय मी अशी नाही. मग केला कोणी?"

"मी," कोल्टन शांतपणे म्हणाला. "तांतच्या डोक्यात मीच ते घातलं. हवं तर त्यांना विचारा."

लोरेटनं मान हलवली. खरंच होतं ते. आणि त्या मानेबरोबर खेळ संपला. सातही मतं कोल्टनला. तिनं अभिमानानं सांगितलं असतं की हो, मी गळा कापला आणि ठरवून कापला, तर निदान चार मिळाली असती. पण आमच्याकडे पाप केलं की माणूस माफी मागतो. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

सगळं आटोपल्यावर मॅरिन धावत आली. लोरेट तोंड लपवायला जागा शोधत होती. मॅरिननं तिला मिठी मारली.

"तांत, रडताय काय वेड्यासारख्या? खेळ आहे हो! मला तुमच्यासारख्या माणसानं काढलं, केवढी मोठी गोष्ट आहे! ह्याच्यावर सही करा ना. मी फ्रेम करून लावणार." आणि तिनं तिकीट पुढं केलं.

तिला राग नव्हता हो. तिळमात्र नव्हता. दोन शिव्या घातल्या असत्या, ते तिकीट तोंडावर फेकलं असतं, तर लोरेट तिच्या पाया पडली असती. पण पोरगी हसत पेन घेऊन उभी होती. लोरेटनं चौतीस आकड्याखाली सही केली.

हे सगळं उन्हाळ्यात झालं. दाखवलं हिवाळ्यात. कराराप्रमाणे लोरेटला कोणाला काही सांगता येत नव्हतं, आणि गावानं तर दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर एकत्र बघायचं ठरवलं. तिच्यासाठी पुढची खुर्ची राखलेली. मॅरिनला तिकीट देतानाचा भाग लागला तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. शेजारची सेसील, तिची चाळीस वर्षांची मैत्रीण, दोघी एकाच शेतात वेचायच्या, तिनं लोरेटच्या पाठीवर थाप मारली. "चौतीस नंबर! जपून ठेवलंस होय गं?"

पुढचे दहा आठवडे लोरेट त्या खुर्चीत बसली. काय येणार आहे ते ठाऊक असून बसली. आजारी पडल्याचं सोंग करता आलं असतं. तिनं केलं नाही.

आणि तो बुधवार आला. पडद्यावरची लोरेट म्हणाली, "ठेव गं, आज तुझं नाव नाही." हॉलमध्ये कोणीतरी हसायला लागलं, विनोद समजून. मग ते थांबलं. बाकीच्या अमेरिकेत त्या रात्री लोक टाळ्या पिटत होते, 'बटाट्याच्या राणीनं अखेर दात दाखवले' म्हणून. आमच्या हॉलमध्ये खुर्च्या घडी केल्याचा आवाज तेवढा आला. पुढच्या आठवड्यात सहीही दाखवली. सेसील उठताना म्हणाली, "टीव्हीच तो, काय एवढं." पण लोरेटकडे न बघता म्हणाली.

कोणी तिला वाकडा शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. सगळे नीट बोलायला लागले, आणि ज्या गावात बायका एकमेकींना दारातूनच 'ए म्हशे, चहा टाक' म्हणून ओरडतात, तिथं नीट बोलणं म्हणजे काय ते तिला बरोबर कळत होतं. जिनेटचा फोन आला. "आई, हॉस्पिटलात सगळे तुझं कौतुक करतायत!" लोरेट म्हणाली, "हो का?" आणि मग म्हणाली, "तुझ्यासाठी केलं गं मी." "मी कधी सांगितलं होतं?" जिनेट हळूच म्हणाली. फेब्रुवारीत मॅरिननं प्रेमानं पार्सल पाठवलं. आत टी-शर्ट, छातीवर मोठ्ठा चौतीस. म्हणे देशभर खपतायत.

मार्च आला. लोरेटनं पेटी पुसली, कुलपात तेल घातलं आणि शाळेत नेऊन ठेवली. जिममध्ये एक्क्याऐंशी माणसं होती. मीठ झालं, बंब झाला. मग सेसील उठली. हातात कागद होता.

"माझा एक ठराव आहे. यापुढं चिठ्ठ्या आणि हात मोजायला दोघं असावीत. एकाच माणसावर... म्हणजे लोरेटचंही वय झालंय. ओझं पडतं."

"अनुमोदन," मागून कोणीतरी म्हणालं. तो सिरांचा दाताचा डॉक्टर होता.

एमिलनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चर्चा?"

ज्या गावात खड्ड्यावर तासभर भांडण होतं, तिथं यावर कोणाला बोलायचं नव्हतं. लोरेट पेटीशेजारी उभी होती. तिला वाटत होतं, एकजण तरी हसेल. दरवर्षीसारखं हसेल आणि म्हणेल, काय डोकं फिरलंय का?

"ठरावाच्या बाजूनं हात वर," एमिल म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की मोजायला तीच आहे.

"मोजते," लोरेट म्हणाली.

ती रांगेरांगेनं चालत गेली, बोटानं एकेक हात मोजत, ओठ हलवत. सेसीलचा हात मोजला. मुख्याध्यापकांचा मोजला. तिच्या हातची धिरडी खाऊन मोठी झालेली पोरं, आता बापे झालेली, त्यांचे मोजले. कोणी खाली बघत होतं, कोणी छताकडे. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन ती परत आली.

"चोपन्न," ती म्हणाली. "विरुद्धचे?"

विरुद्धचे सव्वीस निघाले. तिनं स्वतः हात वर केला नव्हता, कुठंच. एमिल कागदावर लिहायला लागला, तेवढ्यात मागून आवाज आला, फार सभ्यपणे.

"ठराव पास झालाच आहे, तर आत्ताच दुसऱ्या कोणीतरी एकदा मोजावं का?"

एमिलनं लोरेटकडे बघितलं. ती बाजूला झाली. सिरांचा डॉक्टर उठला, हात पुन्हा वर करायला लावले आणि मोजत गेला. त्याला वेळ लागला, दोनदा चुकला, पहिल्यापासून मोजावं लागलं. लोरेट खुर्चीत बसून आपल्या हातांकडे बघत होती.

"चोपन्न," तो म्हणाला. "बरोबर आहे."

लोरेट उठली, कुलपाची किल्ली पेटीवर ठेवली आणि कोट घालायला लागली.